प्रवासी चेहरे आणि चोरटा कॅमेरा

सकाळच्या वेळी सुरत स्थानकाच्या पादचारी पुलावरून खाली पाहिले, तर आधी दिसते ती गर्दी. थोडा वेळ नजर स्थिर ठेवली, की त्या गर्दीतून एकेक माणूस वेगळा होऊ लागतो. वलसाड, बिलीमोरा, नवसारीकडून आलेल्या गाडीतून कार्यालयात जाणारे कारकून उतरतात, शाळेत जाणाऱ्या शिक्षिका उतरतात. भरूच-अंकलेश्वरच्या कारखान्यांकडे निघालेले तंत्रज्ञ पलीकडच्या फलाटावर उभे असतात. तापी खोऱ्यातून रात्रभर प्रवास करून आलेले एखादे कुटुंब आपले गाठोडे सांभाळीत जिन्याच्या कडेला बसलेले असते, आणि त्यांच्या बोलण्यातून अहिराणीचे सूर ओळखू येतात. गुजरातेत या रोजच्या येण्याजाण्याला ‘अपडाऊन’ असा सुटसुटीत शब्द आहे. आपल्या मराठी घरांतूनही तो आता इतका रुळला आहे, की कोणाचा मुलगा अंकलेश्वरला ‘अपडाऊन करतो’ असे म्हटल्यावर अर्थ विचारावा लागत नाही.

या प्रवासाचा एक विशेष असा, की त्यात माणूस घरीही नसतो आणि कामावरही नसतो. घरात तो कोणाचा मुलगा, कोणाचा बाप असतो; कचेरीत कोणाचा हाताखालचा, कोणाचा वरिष्ठ असतो. गाडीच्या बाकावरच्या अर्ध्या-पाऊण तासात मात्र त्याला कोणतीच भूमिका करावयाची नसते. चेहऱ्यावरचा रोजचा आवेश उतरतो. थकवा, काळजी, एखाद्या आठवणीने ओठांवर आलेले हसू, हे सारे उघड्यावर येते. कॅमेरा घेऊन हिंडणाऱ्यांना हा चेहरा गेली शंभर वर्षे खुणावीत आला आहे. तो चेहरा टिपण्यासाठी कोणी कोणत्या युक्त्या केल्या, त्यातून काय हाती आले आणि न विचारता कोणाचा चेहरा घेण्याचा आपल्याला अधिकार आहे काय, याचा थोडा विचार या लेखात करावयाचा आहे.

रुळांनी वसविलेले शहर

सुरतेला रेल्वे आली ती १८६० साली, आणि १८६४ मध्ये मुंबईपर्यंतचा मार्ग जोडला गेला. त्यानंतर विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर तापी खोऱ्यातील मार्ग तयार झाला आणि बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर ही गावे सुरतेशी बांधली गेली. खानदेशातील मराठी माणसाला सुरत जवळची झाली ती या मार्गामुळे. पुढे कापडाच्या गिरण्या, यंत्रमाग आणि रंगाई-छपाईचे कारखाने वाढत गेले, तसतशी उधना, पांडेसरा, लिंबायत या भागांत खानदेशी कुटुंबांची वस्ती वाढत गेली. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याचे दोन तुकडे झाले, सरहद्द मध्ये आली. पण रूळ होते तेथेच राहिले. नवापूरच्या स्थानकाचा फलाट तर अर्धा महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे. दोन राज्यांच्या सीमेवर ठेवलेल्या तेथील बाकावर बसून छायाचित्र काढून घेण्याची हौस अनेक प्रवासी भागवितात. त्या स्थानकावर मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशा चारही भाषांत सूचना ऐकू येतात.

मुंबईच्या बाजूला आपल्या पिढ्यांनी जिच्यावर प्रेम केले ती गाडी म्हणजे ‘फ्लाइंग राणी’. तिचे मूळ १९०६ पर्यंत मागे जाते. मधल्या काळात ती बंद पडली, पुन्हा सुरू झाली. डिसेंबर १९७९ मध्ये तिला दुमजली डबे जोडण्यात आले. पहाटे सुरतेहून निघावयाचे, मुंबईची कामे उरकावयाची आणि संध्याकाळी तिनेच परतावयाचे, असा नेम कित्येक व्यापाऱ्यांनी आणि नोकरदारांनी वर्षानुवर्षे पाळला. खालच्या मजल्यावर बसले, की खिडकीची कड जवळजवळ फलाटाच्या पातळीला येई आणि बाहेर उभ्या असलेल्या माणसांचे केवळ पायच दिसत. वरच्या मजल्यावरून तीच माणसे डोक्याकडून दिसत. जुलै २०२३ मध्ये हे दुमजली डबे काढून नव्या धर्तीचे डबे जोडण्यात आले. चव्वेचाळीस वर्षांच्या त्या संसाराची घरगुती छायाचित्रे किती घरांतून सापडतील? आपल्या संग्रहात मुंजी आहेत, लग्ने आहेत, डोहाळजेवणे आहेत, स्टुडिओत खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिलेले आजोबा आहेत. ज्या डब्यात त्या आजोबांच्या आयुष्याची काही वर्षे गेली, त्या डब्यात बसलेले आजोबा मात्र कोठेच नाहीत.

कोटाच्या आतला कॅमेरा

जे आपल्याकडे झाले नाही ते न्यूयॉर्कमध्ये एका गृहस्थाने ठरवून केले. वॉकर इव्हान्स हे त्यांचे नाव. १९३८ ते १९४१ या वर्षांतील हिवाळ्यांत ते तेथील भुयारी रेल्वेतून प्रवास करीत. अंगावर जाड ओव्हरकोट असे, आणि कोटाच्या आत गळ्यात अडकविलेला छोटा कॅमेरा. कॅमेऱ्याचे चकाकणारे भाग त्यांनी काळ्या रंगाने झाकले होते. कोटाच्या दोन गुंड्यांच्या मधून लेन्स बाहेर डोकावे आणि कळ दाबण्याची तार बाहीतून हातापर्यंत आणलेली असे. समोरच्या बाकावर जो येऊन बसेल तो त्यांचा विषय. कॅमेरा डोळ्याला लावून नेम धरण्याची सोय नाही, प्रकाश अपुरा, गाडीचे हिसके निराळेच. चौकटीत काय आले ते पुढे फिल्म धुतल्यावरच कळावयाचे. अशा फेऱ्यांत पुष्कळदा हेलन लेव्हिट ही तरुण छायाचित्रकार त्यांच्या सोबतीला असे. पुढे ती स्वतःही न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरील जीवनाच्या छायाचित्रांसाठी नावारूपाला आली.

हे शक्य झाले ते यंत्र लहान झाल्यामुळे. त्याआधीचा कॅमेरा म्हणजे तिपाईवरची पेटी. ती पाहताच माणूस सावरून बसे. १९२५ मध्ये जर्मनीत ‘लायका’ हा हातात मावणारा कॅमेरा बाजारात आला. सिनेमाच्या फिल्मचीच पट्टी वापरणारी ही यंत्रे खिशातून बाहेर काढून क्षणात परत ठेवता येत. फ्रेंच छायाचित्रकार आन्री कार्तिए-ब्रेसाँ यांनी याच कॅमेऱ्याच्या बळावर जगभर भ्रमंती केली. त्यांच्या १९५२ च्या प्रसिद्ध ग्रंथाचे इंग्रजी नाव ‘निर्णायक क्षण’ अशा अर्थाचे आहे. मूळ फ्रेंच नावाचा रोख मात्र वेगळा आहे. परवाना नसलेला फेरीवाला जसा चारी बाजूंना नजर ठेवून, पळण्याच्या तयारीने माल विकतो, तशा घाईने, चोरून टिपलेली चित्रे, अशी त्या नावाची छटा आहे. या कलेच्या मोठ्या आचार्यानेच आपल्या धंद्याचा चोरटेपणा असा ग्रंथाच्या कपाळावर लिहून ठेवला, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

इव्हान्स यांच्या वागण्यातील विशेष तर पुढेच आहे. ही छायाचित्रे त्यांनी तत्काळ प्रसिद्ध केली नाहीत. जेम्स एजी या लेखकमित्राने १९४० मध्येच प्रस्तावना लिहून दिली होती. एजी १९५५ मध्ये वारलेही. पुस्तक बाहेर आले ते १९६६ साली, म्हणजे सुमारे पंचवीस वर्षांनी. त्यात ८९ छायाचित्रे होती. आपण जे केले ते लोकांच्या खाजगीपणावरचे आक्रमण होते, याची जाणीव इव्हान्स यांना होती, आणि मध्ये जाऊ दिलेल्या काळाने त्याची धार बोथट झाली असावी, अशी त्यांची भूमिका होती. छायाचित्रांतील लहान मुले तोवर मोठी झाली होती, वृद्ध बहुधा निवर्तले होते. कोणाची नोकरी, कोणाची अब्रू, कोणाचे घरचे भांडण त्या चित्रामुळे धोक्यात येण्याचा संभव उरला नव्हता. पंचवीस वर्षे थांबण्याचा हा संयम आजच्या घाईच्या काळात जवळजवळ तपश्चर्येसारखा वाटतो.

त्याच भुयारी रेल्वेत १९८० मध्ये ब्रूस डेव्हिडसन हा दुसरा छायाचित्रकार उतरला. त्याने रंगीत फिल्म आणि झगझगीत दिवा वापरला. त्यामुळे लपण्याचा प्रश्नच नव्हता. तो आधी काढलेल्या चित्रांचा एक छोटा आल्बम जवळ बाळगी आणि तो दाखवून प्रवाशांना आपले काम समजावून सांगे. काही वेळा आधी विचारी, काही वेळा छायाचित्र घेतल्यावर बोले. त्याचे पुस्तक १९८६ मध्ये निघाले. एकाच रेल्वेतील हे दोन मार्ग: एकाने लपून घेतले आणि प्रसिद्ध करण्यास उशीर केला, दुसऱ्याने समोर जाऊन घेतले आणि माणसाशी दोन शब्द बोलला. दोघांनाही आपापल्या परीने ऋण फेडावेसे वाटले, ही त्यातील महत्त्वाची गोष्ट.

चर्चगेटचा फलाट, बायकांचा डबा

आपल्या देशात हा विषय खऱ्या अर्थाने मुंबईचा. रघू राय यांचे १९९५ सालचे चर्चगेट स्थानकावरील एक छायाचित्र पुष्कळांनी पाहिले असेल. फलाटावरून लोंढा वाहतो आहे आणि त्या लोंढ्यात वर्तमानपत्र वाचण्यात गढलेली माणसे तेवढी स्थिर आहेत. येथे कारागिरी अशी, की कॅमेऱ्याची झडप नेहमीपेक्षा अधिक वेळ उघडी ठेवली आहे. त्यामुळे चालणारे सारे पुसट होऊन धुक्याच्या प्रवाहासारखे झाले आणि जो हलला नाही तोच चित्रात माणूस म्हणून उरला. चेहऱ्यांची ओळख पुसली गेली, पण मुंबईची ओळख पटली. कोणाचाही खाजगीपणा न दुखविता गर्दीचे सत्य सांगता येते, याचा हा चांगला दाखला आहे.

याच्या अगदी उलट बाजूने, म्हणजे चेहऱ्याजवळ जाऊन, काम केले ते अनुश्री फडणवीस या छायाचित्रकार महिलेने. मुंबईच्या उपनगरी गाड्यांतील बायकांच्या डब्यात रोजचा प्रवास करताना मोबाइल फोनवर टिपलेली त्यांची छायाचित्रे गेल्या दशकात ‘ट्रेन डायरीज’ या नावाने गाजली. पुढे त्या रॉयटर्स या वृत्तसंस्थेत गेल्या. लोकलच्या डब्यात भाजी निवडणाऱ्या, पोथी वाचणाऱ्या, खिडकीशी डोके टेकून झोपणाऱ्या बायका आपण सर्वांनीच पाहिल्या आहेत. त्या डब्यात पुरुष छायाचित्रकाराला प्रवेशच नाही, आणि प्रवेश मिळाला असता तरी तो तेथे परका ठरला असता. जी स्वतः त्या डब्यातील एक प्रवासी आहे, तिच्या हातातील फोनला तेथे एक नैसर्गिक जागा असते. छायाचित्र कोण घेतो, यावर समोरचा चेहरा कितपत मोकळा राहील हे ठरते.

यात तंत्राचीही एक गंमत आहे. धावत्या गाडीत छायाचित्र कसे नीट येईल, अशी शंका नवख्याला येते. परंतु छायाचित्र घेणारा आणि समोर बसलेला दोघेही एकाच वेगाने जात असल्यामुळे एकमेकांच्या दृष्टीने ते स्थिरच असतात; अडचण होते ती हिसक्यांची आणि अपुऱ्या उजेडाची. म्हणून जाणकार मनुष्य गाडी स्थानकात थांबण्याची वाट पाहतो, किंवा कोपर बाकाला टेकवून हात स्थिर करतो. खिडकीशी बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर एका बाजूने उजेड पडतो आणि दुसरी बाजू सावलीत राहते. जुने चित्रकार अशा प्रकाशासाठी खास खोली बांधून घेत. हा प्रकाश अपडाऊन करणाऱ्याला रोज फुकट मिळतो. फक्त खिडकीकडे तोंड करून छायाचित्र घेतले, तर बाहेरचा उजेड जिंकतो आणि चेहरा काळा पडतो. त्यासाठी थोडे बाजूला सरकावे लागते.

चेहरा कोणाचा?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. समोरच्या माणसाला ठाऊक नसताना त्याचे छायाचित्र घेणे योग्य की अयोग्य? जगातील न्यायालयांनीही यावर एकच उत्तर दिलेले नाही. कॅनडातील मॉन्ट्रियल शहरात एका इमारतीच्या पायरीवर बसलेल्या सतरा वर्षांच्या मुलीचे छायाचित्र एका नियतकालिकाने तिला न विचारता छापले. तिच्या वर्गातील मुले हसली. प्रकरण तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९९८ मध्ये निकाल त्या मुलीच्या बाजूने लागला. दोन हजार डॉलर भरपाई तिला मिळाली. न्यूयॉर्कमध्ये मात्र उलट घडले. फिलिप-लोर्का डिकॉर्शिया या छायाचित्रकाराने टाइम्स स्क्वेअरमध्ये दडविलेल्या दिव्यांच्या साहाय्याने येणाऱ्या-जाणाऱ्यांचे चेहरे टिपले आणि त्यांचे प्रदर्शन केले. त्यांतील एक गृहस्थ कर्मठ ज्यू पंथाचे होते, आणि आपली प्रतिमा अशी वापरली जाणे त्यांच्या धर्मश्रद्धेला मानवणारे नव्हते. त्यांनी दावा लावला. २००६ मध्ये न्यायालयाने कलेच्या स्वातंत्र्याच्या बाजूने निर्णय देऊन तो फेटाळला. कायद्याने छायाचित्रकार जिंकला. त्या वृद्ध गृहस्थांच्या मनाला काय वाटले असेल, हा प्रश्न मात्र निकालपत्रात सुटणारा नव्हता.

आपल्याकडे सार्वजनिक ठिकाणी उघड दिसणाऱ्या माणसाचे छायाचित्र घेण्यापूर्वी त्याची परवानगी घेतलीच पाहिजे, असा सर्वसाधारण कायदा नाही. व्यावसायिक चित्रणासाठी रेल्वेची परवानगी लागते, ही गोष्ट वेगळी. पण कायदा गप्प आहे, असेही नाही. १९९४ साली तमिळनाडूतील एका आत्मचरित्राच्या प्रकाशनावरून उद्भवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नागरिकाला एकटे राहू देण्याचा, म्हणजे त्याच्या खाजगी जीवनात न डोकावण्याचा हक्क मान्य केला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. स्त्रीचे खाजगी स्थितीतील चित्रण चोरून करणे हा २०१३ पासून स्वतंत्र गुन्हा आहे आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही तो कायम आहे. शरीराच्या खाजगी भागाचे संमतीविना छायाचित्र घेणे माहिती तंत्रज्ञानाच्या कायद्यानेही दंडनीय ठरविले आहे. जिन्यावर, दारात, गर्दीत मोबाइल खाली धरून जे निर्लज्ज उद्योग चालतात, त्यांना ‘कला’ म्हणण्याचा प्रश्नच नाही. याच भीतीपोटी जपान आणि दक्षिण कोरिया येथे विकल्या जाणाऱ्या मोबाइलमधून छायाचित्र घेताना आवाज होईल अशी व्यवस्था ठेवलेली असते.

परंतु कायद्याची रेषा आणि सभ्यतेची रेषा एकच नसतात. जपानी राजधानीतील भुयारी गाड्यांत काचेवर दाबले गेलेले चेहरे मिखाएल वोल्फ या छायाचित्रकाराने फलाटावरून टिपले. ते पुस्तक २०१० मध्ये निघाले. शहराच्या जाचाचे इतके प्रत्ययकारी चित्र क्वचितच पाहावयास मिळते. पण त्यांतील काही जणांनी कॅमेरा दिसताच डोळे मिटून घेतले, कोणी हाताने तोंड झाकले. त्यांना तेथून हलताही येत नव्हते. जो माणूस पळू शकत नाही, त्याच्यावर कॅमेरा रोखताना हात थोडा थबकला पाहिजे, असे म्हटले तर कलेचा फार मोठा द्रोह होणार नाही.

गरिबाचा चेहरा स्वस्त नाही

हा प्रश्न सुरतेत अधिक टोकदार होतो, कारण या शहराच्या बस-गाड्यांतून जाणारा मोठा वर्ग श्रमिकांचा आहे. रात्रपाळी करून परतणारा यंत्रमाग कामगार बसच्या दांड्याला हात अडकवून उभ्याउभ्या डुलकी घेतो. साडीवर टिकल्या लावण्याचे काम घरी नेणारी बाई मोठे गाठोडे मांडीवर घेऊन शेअर रिक्षात दाटीने बसते. त्यांचे छायाचित्र ‘वास्तववादी’ म्हणून कौतुकाला पात्र ठरते. मोटारीत मागच्या बाकावर झोपलेल्या शेठचे छायाचित्र घेण्याचे मात्र कोणाला सुचत नाही, आणि सुचले तरी धैर्य होत नाही. ज्याला दाद मागता येत नाही त्याचाच चेहरा आपण मोफत समजतो काय, हे प्रत्येक छायाचित्रकाराने स्वतःला विचारून पाहावे.

आणि तरीही ही छायाचित्रे नकोतच, असे म्हणणेही बरोबर नाही. मे २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात सुरतेहून श्रमिकांच्या खास गाड्या सुटू लागल्या. त्या वेळची छायाचित्रे नसती, तर या शहराचे कापड कोणाच्या हातांनी विणले जाते हे देशातील कित्येकांना कळलेही नसते. ११ नोव्हेंबर २०२३ रोजी दिवाळीसाठी गावी निघालेल्यांची सुरत स्थानकावर चेंगराचेंगरी झाली आणि एका प्रवाशाला प्राण गमवावा लागला. सणासुदीला त्या फलाटावर काय हाल होतात, हे अर्जविनंत्यांनी जेवढे पटत नाही तेवढे एका छायाचित्राने पटते. न दिसणाऱ्या माणसाला दिसते करण्याची शक्ती या कलेत आहे. म्हणूनच तिच्यावर मर्यादेचे बंधनही अधिक हवे.

ही मर्यादा कशी असते, याचे उदाहरण शोधण्यासाठी आपल्याला लांब जावे लागत नाही. सुरतेपासून जवळच असलेल्या नवसारीत ९ डिसेंबर १९१३ रोजी होमाई व्यारावाला यांचा जन्म झाला. भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून त्यांचे नाव आज सर्वत्र घेतले जाते. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. सुरुवातीची त्यांची छायाचित्रे पती माणेकशा यांच्या नावाने छापली जात. स्वातंत्र्याच्या आगेमागे दिल्लीतील मोठमोठ्या प्रसंगी त्या हजर असत. साडी नेसलेल्या या बाईंकडे अनेकदा कोणी फारसे लक्षही देत नसे, आणि त्याचाच त्यांना लाभ होई. त्या १९७० मध्ये छायाचित्रण सोडून बाजूला झाल्या. नव्या छायाचित्रकारांचे वागणे, त्यांची धक्काबुक्की आणि अदब सोडून देण्याची वृत्ती त्यांना सहन होईना, हे त्यांनी पुढे मोकळेपणाने सांगितले. अखेरची अनेक वर्षे त्यांनी वडोदऱ्यात साधेपणाने काढली आणि १५ जानेवारी २०१२ रोजी तेथेच त्या निवर्तल्या. कॅमेरा हातात असतानाही समोरच्याचा मान राखता येतो, आणि तो राखता येत नसेल तर कॅमेरा खाली ठेवावा, एवढा धडा त्यांच्या आयुष्यातून घेण्यासारखा आहे.

आपल्या घरांसाठी

आज प्रत्येक घरात निदान एक कॅमेरा आहे, कारण तो फोनमध्येच बसलेला आहे. आपली मुले-मुली रोज बसने, गाडीने महाविद्यालयात जातात. त्यांना या छंदाची गोडी लागली तर ती मोडून काढण्याचे कारण नाही. थोडी शिस्त तेवढी सांगावी. झोपलेल्या स्त्रीचे, अंगावर पाजणाऱ्या आईचे, आजाऱ्याचे किंवा रडणाऱ्याचे छायाचित्र घेऊ नये. परक्या मुलाचे छायाचित्र त्याच्या आईबापांना विचारल्यावाचून घेऊ नये. कोणी हाताने नको म्हटले, तर फोन खिशात जावा, आणि घेतलेले चित्र पुसून टाका म्हटले, तर वाद न घालता पुसावे. चित्र चांगले आले असेल तर शक्यतो त्या माणसाला दाखवावे. पुष्कळदा तो खूश होऊन ‘मला पाठवा’ असे म्हणतो, आणि चोरीचा व्यवहार देवघेवीचा होऊन जातो. सर्वांत मुख्य म्हणजे, घेतलेले प्रत्येक छायाचित्र त्याच संध्याकाळी जगापुढे मांडण्याची घाई करू नये. इव्हान्स यांच्याप्रमाणे पंचवीस वर्षे कोणी थांबणार नाही. एक रात्र थांबले, तरी ‘हे माझ्या बहिणीचे असते तर मला चालले असते काय?’ हा प्रश्न मनात येण्यास सवड मिळते.

याहून एक सोपी गोष्ट आपल्या हातात आहे, आणि तिच्यात कोणाच्याही खाजगीपणाचा भंग नाही. आपल्याच माणसांचा रोजचा प्रवास आपण टिपून ठेवावा. वडील पास तपासून घेत फलाटावर उभे आहेत. आत्या डब्यातील मैत्रिणींबरोबर हळदीकुंकवाचे वाण देते आहे. धाकटा भाऊ बसच्या पायरीवरून मागे वळून पाहतो आहे. गावी जाताना मामा तापी खोऱ्यातील गाडीच्या खिडकीतून नवापूर येण्याची वाट पाहत आहेत. अशा छायाचित्रांच्या मागे तारीख, गाडीचे नाव आणि स्थानक लिहून ठेवावे. फोनमध्ये ती साठवली, तरी त्यांतील निवडक छापून घेऊन आल्बमात लावावीत. यंत्र बदलले की त्यातील साठा हरवतो, हा अनुभव आता सर्वांच्या ओळखीचा झाला आहे.

सुरतेचे येणे-जाणे वेगाने बदलत आहे. जानेवारी २०१४ मध्ये शहरात बसगाड्यांचा स्वतंत्र मार्ग सुरू झाला, १८ जानेवारी २०२१ रोजी मेट्रोचे भूमिपूजन झाले, आणि दुमजली राणी तर इतिहासजमा झाली. परप्रांतात राहणाऱ्या कुटुंबाचा इतिहास सनदांत आणि बखरींत सापडत नाही. तो रोजच्या वाटेवर घडत असतो. आपल्या आजोबांनी ज्या डब्यातून प्रवास केला, तो पाहण्याचे भाग्य आपल्याला लाभले नाही. आपल्या नातवंडांना आपण कसे गेलो-आलो, कोणाशेजारी बसलो, कोणत्या चेहऱ्याने घरी परतलो, हे पाहावयास मिळावे, एवढी तजवीज आपण आजच करू शकतो.